बेल्ट सगळ्यांना दिलेत, मग रेलिंग कशाला?

नाशिकमधल्या एका सात मजली इमारतीवर काम करणाऱ्या तरुण साईट इंजिनिअरचा हा प्रश्न आहे. बाहेरून प्लास्टर चाललंय, परांची कपलॉकची आहे, म्हणजे उभ्या नळीवरच्या कपांत आडव्या नळ्या अडकवून उभी केलेली. फळ्यांच्या बाहेरच्या बाजूला कुठे एक आडवी नळी, कुठे नुसती दोरी, कुठे काहीच नाही. ठेकेदार म्हणतो, ‘बेल्ट सगळ्यांना दिलेत, रेलिंगमुळे माल घ्यायला अडचण होते.’ तर कठडा खरंच लागतो का, किती उंच, कशाचा, आणि आत घोडीवर, म्हणजे फळ्या टाकलेल्या सुट्या स्टँडवर, उभं राहून छताचं प्लास्टर करणाऱ्यांनाही तो लागतो का, असं त्यांनी विचारलंय.

कठडा लागतोच, आणि बेल्टच्या आधी लागतो. बांधकामावरच्या सुरक्षिततेचं काम मी सत्तावीस वर्षं करतोय. त्याआधी सुपरवायझर म्हणून अशाच परांच्यांवर चढलोय, त्यातल्या बऱ्याच बिनकठड्याच्या होत्या. तुमच्या ठेकेदाराचं वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर सविस्तरच द्यावंसं वाटतं.

नोकरीच्या चौथ्या वर्षी माझ्यासमोर एक गवंडी पडला. दुसऱ्या थरावर होता, जमिनीपासून चार मीटर. अंगात पूर्ण हार्नेस, म्हणजे खांद्यांना आणि मांड्यांना पट्टे असलेला बेल्ट होता, हूकही अडकवलेला होता. सकाळी वाळू-सिमेंटची घमेली वर घ्यायला बाहेरची नळी काढली होती, ती परत लावली गेली नाही. दहाच्या सुमाराला थापी मारता मारता तो एक पाऊल मागे आला आणि मागे फळी नव्हती. दोरी ताणली गेली, तिला जोडलेला शॉक ॲब्सॉर्बर, म्हणजे उसवत जाऊन झटका कमी करणारा शिवलेला पट्टा, उसवायला लागला, आणि तो पुरता उसवायच्या आत त्याचे पाय जमिनीला लागले. दोन्ही टाचांची हाडं मोडली, कमरेचा एक मणका दबला. जीव वाचला, पण परांचीवर तो पुन्हा चढला नाही. चौकशीच्या कागदावर लिहिलं गेलं, ‘कामगाराने बेल्ट लावलेला होता.’ ते खरंच होतं.

तो जमिनीवर का आला, याचा हिशोब मी त्या रात्री बसून केला. तुम्हीही तुमच्या साईटसाठी करा. हूक पायाजवळच्या नळीला अडकवलाय असं धरा, कारण हाताला तीच लागते आणि बहुतेक जण तिलाच अडकवतात. दोरी १.८ मीटर. पाठीवरची कडी पायापासून साधारण १.४ मीटर वर असते, म्हणजे दोरी ताणली जाईपर्यंत माणूस ३.२ मीटर मोकळा पडतो. त्यानंतर ॲब्सॉर्बर उसवत जातो, त्याला एक ते सव्वा मीटर लागतो. कधी जास्तही लागतो. आता हूक अडकवलेल्या जागेपासून खाली मोजा: दोरीचे १.८, ॲब्सॉर्बरचे १.२, कडीपासून लोंबणाऱ्या पायांपर्यंत दीड, हार्नेस ताणला जातो त्याचे ०.३, आणि शिवाय एक मीटर मोकळी जागा सोडायची. बेरीज ५.८. म्हणजे पायाशी हूक अडकवला तर खाली जवळपास सहा मीटर रिकामी जागा हवी. तुमच्या पहिल्या दोन थरांवर ती नाहीच. वरच्या थरांवर जमीन लांब असली तरी मधे खालच्या थरांच्या नळ्या, छज्जे, बाल्कनीच्या कडा असतात. माणूस जमिनीवर आपटत नाही, छज्ज्यावर आपटतो.

हूक डोक्याच्या वर, पायापासून दोन मीटर उंचीवर अडकवला तर ही गरज जवळपास निम्म्यावर येते. पण गवंडी दिवसभर भिंतीच्या कडेनं सरकत असतो. दर तीन-चार पावलांनी हूक काढायचा आणि पुढे लावायचा. दिवसातून हे शंभर वेळा करायचं, एकदाही न चुकता. कठड्याला लक्षात ठेवावं लागत नाही. जेवून आलेल्या, उन्हानं थकलेल्या, घरच्या फोननं अस्वस्थ झालेल्या माणसालाही तो तितकाच अडवतो. म्हणून कठडा आधी म्हणतो.

आता उंची. आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकामांच्या निविदांना जोडलेली सुरक्षा संहिता वाचली तर ३.६ मीटरपेक्षा उंच परांचीला किमान ९० सेंटिमीटरचा कठडा सांगितलेला दिसेल, बाहेरच्या सगळ्या लांबीला आणि दोन्ही टोकांना. टोकांचा उल्लेख मुद्दाम करतो, कारण तिथेच तो विसरला जातो. ब्रिटनमध्ये हा आकडा ९५ सेंटिमीटर आहे, युरोपच्या तात्पुरत्या कठड्यांच्या मानकात एक मीटर, अमेरिकेत इमारतीच्या कडांना ४२ इंच म्हणजे १०७ सेंटिमीटर. मी शक्यतो एक ते १.१ मीटर मागतो, आणि त्यामागे कारण आहे. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य त्याच्या उंचीच्या साधारण ५५ ते ५७ टक्क्यांवर, बेंबीच्या आसपास असतो. साडेपाच फुटी माणसाचा तो ९२ ते ९५ सेंटिमीटरवर येतो. कठडा त्याच्या खाली असेल तर तोल गेलेला माणूस कठड्यावरून वाकतो आणि उलटा पलीकडे जातो. मांडीला लागणारी नळी पाडायलाच मदत करते. मी ७० सेंटिमीटरवर लावलेल्या नळ्या पाहिल्यात आणि तिथे ‘रेलिंग आहे’ अशी तपासणीच्या कागदावर खूण केलेलीही पाहिली आहे.

३.६ मीटरच्या खाली काही नको, असाही अर्थ काढू नका. दोन मीटरवरून पडायला ०.६४ सेकंद लागतो आणि जमिनीला टेकताना वेग ताशी २२ किलोमीटरच्या पुढे असतो. डोकं आधी टेकलं तर तेवढा पुरतो. माझा नियम दोन मीटरचा आहे, आणि खाली सळ्या उभ्या असतील किंवा खड्डा असेल तर कितीही उंचीचा.

तुमची परांची कपलॉकची आहे, ही सोयीची गोष्ट आहे. तिच्या उभ्या नळीवर दर अर्ध्या मीटरला कप असतो. फळ्या ज्या आडव्या नळ्यांवर टेकल्या आहेत, तिथून वरच्या पहिल्या कपात मधली नळी आणि दुसऱ्या कपात वरची नळी लावली की झालं. वेगळा कपलर (नळ्या जोडायचा क्लॅम्प) नको, मोजमाप नको. फळीची जाडी वजा करून वरची नळी साधारण ९५-९६ सेंटिमीटरवर बसते. लोखंडी फळ्या जाड असतील तर थोडी आणखी खाली येते, तिथे वरून एक नळी कपलरनं चढवा. उंची नेहमी फळीच्या वरच्या पृष्ठभागापासून मोजायची, खालच्या नळीपासून नाही. आणि दुपारी पुन्हा जाऊन बघायचं, कारण हात पुरत नाही म्हणून कुणीतरी दोन विटांवर फळी टाकून उभा असतो. त्याच्यासाठी तुमचा ९५ चा कठडा ७५ वर आलेला असतो. अशा वेळी रागावून उपयोग नाही. हात पुरत नाही याचा अर्थ थराची उंची चुकली आहे. फळ्या अर्धा मीटर वर घ्या, आणि कठडा त्यांच्याबरोबर वर घ्या.

ताकदीचा अंदाज असा ठेवा की वरच्या नळीवर कुठेही, बाहेरच्या किंवा खालच्या दिशेनं, ९० किलोचा जोर आला तरी ती सुटता कामा नये. अमेरिकेच्या नियमात हा आकडा २०० पौंड आहे, तो हाच. कपात नीट बसवून हातोडीनं घट्ट केलेली नळी हे सहज सोसते. बाइंडिंग वायरनं गुंडाळलेली नळी, काथ्यानं बांधलेला बांबू, नायलॉनची दोरी, लाल-पांढरी पट्टी यातलं काहीही सोसत नाही. पट्टी फक्त सांगते की इथे कड आहे, अडवत नाही. दोरी तर त्याहून फसवी, कारण तिच्यावर टेकलेला माणूस आधी झोका खातो आणि मग जातो. साधी नळी कपलरनं लावायची असेल तर ती उभ्या नळीच्या आतल्या बाजूनं, माणसाच्या बाजूनं लावा. धक्का आला की ती उभ्या नळीवर दाबली जाईल. बाहेरून लावली तर सगळा जोर एकट्या कपलरवर येतो.

मधली नळी लोकांना फालतू वाटते. पण गवंडी दिवसभर उभा नसतो. खालचा पट्टा करताना तो उकिडवा बसतो, पाठ बाहेरच्या बाजूला, आणि सरकत सरकत मागे येतो. बसलेल्या माणसासाठी एक मीटरवरची नळी नसल्यासारखीच. ब्रिटनच्या नियमात दोन आडव्यांमधली फट ४७ सेंटिमीटरहून जास्त चालत नाही, ती याचसाठी.

आणि खाली पायपट्टी, म्हणजे टो-बोर्ड. १५ सेंटिमीटर उंच, फळीला चिकटून, मधे फट न ठेवता. हिचा अर्धा उपयोग वरच्यांना आणि अर्धा खालच्यांना. वीस मीटरवरून सुटलेली थापी किंवा विटेचा तुकडा खाली पोचतो तेव्हा वेग ताशी सत्तर किलोमीटरच्या आसपास असतो. तुमच्या साईटच्या बाहेर फुटपाथ आहे का, मला माहीत नाही. असेल तर पायपट्टीवर न थांबता जाळी लावाच, आणि जायच्या-यायच्या वाटेवर छत घाला.

आता माल घ्यायच्या जागेबद्दल, कारण ठेकेदाराची खरी अडचण तिथे आहे आणि ती खोटी नाही. मधे नळ्या असल्या की घमेलं आत घेता येत नाही, म्हणून नळी काढली जाते. माझ्या गवंड्याच्या पडण्याचं मूळ तिथेच होतं. जिथे लागेल तिथून माल घ्यायचा, ही पद्धतच बंद करा. प्रत्येक थरावर मालाची एकच जागा ठरवा, शक्यतो टोकाच्या एका गाळ्यात, म्हणजे दोन उभ्या नळ्यांमधल्या भागात. तिथे आतल्या बाजूला उघडणारं आणि आपोआप मिटणारं फाटक बसवा. फॅब्रिकेटरकडून चौकट, दोन बिजागऱ्या आणि स्प्रिंग लावून ते होतं. बाहेर उघडणारं फाटक कधीही नको, माणूस त्याच्याबरोबर बाहेर जातो. त्या जागेवर दिवसभर एकच माणूस नेमा, त्याला हार्नेस द्या, आणि त्याचा हूक डोक्यावरच्या पक्क्या जागी कायमचा अडकवलेला राहू द्या. दोरी इतकी आखूड ठेवा की तो कडेपर्यंत पोचेल पण कडेबाहेर जाऊ शकणार नाही. बेल्टचा सगळ्यात चांगला वापर हाच आहे. बाकी सगळ्या गाळ्यांमधली नळी मग कुणी काढायचं कारणच उरत नाही. काढलेली दिसली तर काम थांबवा, नळी लावा, मग पुढे बोला.

भिंतीच्या बाजूकडे कुणी बघत नाही. प्लास्टरसाठी भिंत आणि फळी यांच्यात फट लागते, हे मान्य. अमेरिकेचा नियम प्लास्टरच्या कामाला १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटरपर्यंत फट चालवून घेतो. मला ती जास्त वाटते. बारीक बांध्याचा माणूस तेवढ्यातून सरळ जातो. २५ सेंटिमीटरच्या आत ठेवता येत असेल तर ठेवा. जिथे इमारत आत वळते, बाल्कनी किंवा डक्ट (पाइपांसाठी सोडलेली उभी पोकळी) येतो, तिथे फट एकदम मीटर-दीड मीटरची होते आणि समोर भिंतच नसते. अशा जागी आतल्या बाजूलाही कठडा लागतो. तुमच्या साईटवर चक्कर माराल तर अशा दोन-तीन जागा नक्की सापडतील.

फळ्यांबद्दल थोडक्यात. पूर्ण रुंदी भरा. एका फळीवर चालणाऱ्या माणसाला कठडा हाताशीही लागत नाही. फळीचं टोक आधाराच्या पुढे किमान १५ सेंटिमीटर यायला हवं, पण फार लांब अधांतरी राहिलं तर त्यावर पाय पडला की दुसरं टोक वर उडतं. दोन्ही टोकं तारेनं आवळा. लाकडी फळीला रंग लावू नका, भेगा आणि गाठी झाकल्या जातात.

वर जायला शिडी द्या. आमच्या लोकांना नळ्यांवर पाय देत माकडासारखं चढायची सवय असते. अनेकांचं पडणं फळीवर नसतं, फळीवर येता-जातानाचं असतं. शिडी उंचीच्या चौथ्या भागाइतकी पायाशी बाहेर, वर फळीच्या एक मीटर पुढे, दोन्हीकडे बांधलेली. एकेरी उचलती शिडी नऊ मीटरहून लांब नसावी, हे निविदांतल्या त्याच संहितेत आहे. एका लांब शिडीपेक्षा थराथराला वेगळी शिडी बरी, एकाखाली एक न येता आलटून-पालटून. मग घसरलेला माणूस पुढच्याच फळीवर थांबतो.

कठडा ज्या परांचीला जोडलाय, ती इमारतीला बांधलेली आहे का, हे बघा. तुम्ही हिरवी जाळी लावली असेल तर विशेषच. जाळी लावली की परांचीचं शीड होतं. मे महिन्याच्या शेवटी नाशकात वळवाचा वारा कसा येतो, ते तुम्हाला सांगायला नको. पायाच्या रुंदीच्या चौपट उंची झाली की तिथून पुढे इमारतीला पक्के टाय हवेतच, आणि जाळी असेल तर त्याहून दाट. प्लास्टर करताना टाय आड येतो म्हणून गवंडी तो सोडतात. सोडायचा असेल तर आधी शेजारी दुसरा लावायचा. वादळानंतर, मोठ्या पावसानंतर आणि एरवी दर आठवड्याला कुणीतरी जाणता माणूस चढून सगळी परांची बघेल आणि पायथ्याच्या पाटीवर तारीख घालून सही करेल, एवढी शिस्त लावा. सही त्याच माणसाची हवी जो खरोखर चढला.

आता घोडी. तुम्ही हा प्रश्न शेवटी आणि जरा संकोचून विचारलाय, पण मला तो बाहेरच्या परांचीइतकाच महत्त्वाचा वाटतो. घोडीला कुणी उंची समजतच नाही. खाली फरशी आहे, दीड-दोन मीटर तर आहे, काय होतंय, असं वाटतं. मधल्या खोलीत घोडी असेल तर रुंद फळ्या, न डुलणारे पाय, आणि दोन मीटर किंवा त्याहून वर उभं राहायचं असेल तर चाकांचा टॉवर, ज्याला कठडा असतोच. त्याची चाकं लॉक करूनच चढायचं, आणि वर माणूस असताना तो ढकलायचा नाही. उंची सगळ्यात अरुंद बाजूच्या तिपटीच्या आत ठेवा.

पण घोडी बाल्कनीत किंवा खिडकीशी नेली की सगळं बदलतं. बाल्कनीची भिंत फरशीपासून एक मीटर. घोडी सव्वा मीटर. घोडीवर उभ्या माणसाच्या पायांच्याही खाली ती भिंत आलेली असते. सहाव्या मजल्यावर तो माणूस छताचं प्लास्टर करतोय, मान वर, नजर वर, आणि त्याच्यासाठी आता बाल्कनीला कठडाच नाही. तो स्वतःला खोलीत समजतो, म्हणून बेल्टही घालत नाही. ज्या पडण्यांच्या चौकशीला मला बोलावलं गेलं, त्यांत हा प्रकार मी पुन्हा पुन्हा पाहिलाय. रंगारी, छताचं काम करणारे, ग्रिल लावणारे, पडद्याचे रॉड बसवणारेसुद्धा यात येतात. बाल्कनीत छताचं काम करायचं असेल तर बाहेरची परांची त्या उंचीवर असतानाच उरकून घ्या, म्हणजे बाहेरचा कठडाच पुढे उभा असतो. परांची उतरली असेल तर बाल्कनीच्या दोन बाजूंच्या भिंतींमध्ये नळ्या अडकवून, घोडीच्या फळीपासून एक मीटर वर येईल असा तात्पुरता कठडा करा. ॲडजस्टेबल प्रॉप (लांबी कमी-जास्त होणारे लोखंडी टेकू) आडवे घट्ट बसवून त्यांना नळ्या जोडायच्या, हे मी केलंय आणि ते चालतं. तेही जमत नसेल तर खोलीच्या आतल्या कॉलमला दोरी बांधा, हार्नेस घाला, आणि दोरीची लांबी कडेच्या अलीकडे संपवा.

तसंच डक्ट आणि लिफ्टचा खड्डा. स्लॅबमधल्या भोकावर नुसतं प्लायवूड ठेवू नका. कुणाला तरी दुसरीकडे प्लाय लागतं, तो दोन्ही हातांनी उचलतो, समोर धरतो, एक पाऊल पुढे टाकतो, आणि खाली भोक असतं. प्लाय खिळ्यांनी किंवा फिशर लावून पक्कं करा, वर लाल रंगात ‘खाली भोक आहे, काढू नये’ असं मोठ्या अक्षरात लिहा. मराठीत आणि हिंदीत लिहा, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी फुलीही मारा. लिफ्टच्या दाराला एक मीटरचं, खाली पायपट्टी असलेलं, भिंतीत बसवलेलं फाटक हवं. विटांची कोरडी रास चालत नाही.

बेल्टला माझा विरोध नाही. परांची बांधणाऱ्याला आणि सोडणाऱ्याला तो हवाच, कारण कठडा लावणारा माणूस कठडा लागेपर्यंत उघड्यावरच असतो. त्यांना दोन हूकवाली दोरी द्या, म्हणजे एक सोडताना दुसरा लागलेला असतो. झुल्यावरच्या रंगाऱ्याला स्वतंत्र लाईफलाईन हवी, झुला ज्या दोरांवर आहे त्यांच्याशी संबंध नसलेली, वर वेगळ्या ठिकाणी बांधलेली. नुसता कमरेचा पट्टा कुणालाही देऊ नका. त्यावर झेलला गेलेला माणूस कमरेतून दुमडतो, आतल्या अवयवांना इजा होते, कधी पट्ट्यातून निसटतोही. पूर्ण हार्नेस घ्या, त्यावर आयएस ३५२१ या भारतीय मानकाचा उल्लेख आणि बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह बघा, दोरीला ॲब्सॉर्बर असल्याची खात्री करा.

हूक कठड्याच्या नळीला अडकवू देऊ नका. कठडा टेकणाऱ्या माणसासाठी आहे, ९० किलोच्या हिशोबाचा. पडणाऱ्या माणसाला थांबवताना चांगला ॲब्सॉर्बर असूनही सहाशे किलोपर्यंतचा झटका येऊ शकतो, आणि नसेल तर त्याच्या कितीतरी पट. म्हणून आधाराच्या जागेकडून अमेरिकेत ५००० पौंडांची, म्हणजे सव्वादोन टनांची अपेक्षा ठेवतात. कॉलम, बीम, स्लॅबमध्ये टाकलेला हूक, असलं काहीतरी लागतं. परांचीवरच अडकवायचं असेल तर टाय केलेल्या भागात, उभ्या-आडव्याच्या जोडाजवळ, डोक्याच्या वर. शिलाई उसवलेला, उन्हानं विटलेला, वेल्डिंगच्या ठिणग्यांनी किंवा सिमेंटनं कडक झालेला हार्नेस कापून टाका. कापून, कारण नुसता बाजूला ठेवला तर उद्या तो पुन्हा कुणाच्या तरी अंगात दिसतो. एकदा पडणं झेललेला हार्नेस बाहेरून नवा दिसत असला तरी कापायचाच.

आणि हार्नेसमध्ये लोंबणाऱ्या माणसाला खाली कसं आणणार, हे आधी ठरवा. पट्टे मांड्यांशी आवळले जातात, पायांतलं रक्त वर येईना होतं, आणि निश्चल लोंबणारा माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडू शकतो. अग्निशमन दलाची वाट बघत बसण्याइतका वेळ त्याच्याकडे नसतो. शिडी कुठे आहे, दोरी-कप्पी कुठे आहे, कोण चढणार, हे ठरवून एकदा रंगीत तालीम करा. सिमेंटच्या दोन गोण्या हार्नेसमध्ये बांधा आणि उतरवून बघा. वेळ मोजा. पहिल्या खेपेला लागलेला वेळ पाहून सगळे गप्प होतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला ठेकेदार. त्याच्याशी पैशाचं बोलणं टाळू नका. कठडा प्रत्येक थराला कायमचा ठेवायला तो तयार नसेल तर निदान चालू थराला आणि जिथे माणसं ये-जा करतात त्या थरांना पूर्ण ठेवा. काम वर सरकलं की नळ्याही वर सरकतात, म्हणजे गाळ्याला दोन जास्तीच्या नळ्या एवढाच खर्च. त्याला हेही दाखवा की कठडा असलेल्या थरावर गवंडी दोन्ही हातांनी काम करतो. बिनकठड्याच्या थरावर त्याचा डावा हात सतत काहीतरी धरायला बघत असतो. मी दोन शेजारच्या गाळ्यांत हे करून दाखवलं होतं, त्यानंतर मुकादमानंच बाकीच्या नळ्या मागितल्या.

कायद्याचंही स्पष्ट सांगा. कुणाचा जीव गेला तर पूर्वीचं कलम ३०४ अ, आता भारतीय न्याय संहितेचं कलम १०६ लागू शकतं. त्यात पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गुन्हा नोंदवताना पोलीस मालकाच्या आधी साईटवरच्या माणसाचं नाव विचारतात, आणि साईटवर तुम्ही आहात. म्हणून जे मागितलं ते लेखी मागा, तारखेसह, फोटोसह. उत्तर आलं नाही तर तो थर बंद ठेवायचा अधिकार वापरा. पहिल्यांदा वापरताना हात थरथरतो, माझाही थरथरला होता.

उद्या सकाळी कामाला सुरुवात व्हायच्या आधी एक मापपट्टी आणि खडू घेऊन चढा. प्रत्येक गाळ्यात वरची नळी, मधली नळी, पायपट्टी, भिंतीची फट, टोकाची बाजू बघा. जिथे उणं आहे तिथे उभ्या नळीवर फुली मारा आणि फुल्या मोजा. मग मुकादमाला सोबत घेऊन पुन्हा फिरा आणि एकेक फुली पुसून घ्या. माल घ्यायच्या फाटकाचं माप घेऊन फॅब्रिकेटरकडे मात्र आजच जा, त्याला दोन दिवस लागतील.